पैलवानाला पाडताना डोकं कुठं ठेवावं

मला माणसं आडवी पाडता येतात, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला बघून ते कुणाला खरं वाटत नाही. माझा सदरा दोरीवर वाळत घातला की शेजारचे विचारतात, हा कुठल्या लेकराचा. कॉलेजात व्यायामाच्या मास्तरांनी मला पहिल्या दिवशी रांगेच्या शेवटी उभं केलं आणि वर्षभर तिथून हलवलं नाही. तरीही एका उन्हाळ्यात, इंदापूरच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वसाहतीत मी एका धावत्या पैलवानाला जमिनीवर घेतलं. दोनदा घेतलं. हे लिहिताना थोडी फुशारकी होणार, ती वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावी.

आमचं घर सांगवीचं. वांगी, कांदा, मिरची आणि थोडे पेरू, एवढ्यावर घर चालतं. माझ्या आधी आमच्यातलं कुणी मराठी शाळेच्या पुढं गेलं नव्हतं. मी मॅट्रिक होऊन पुण्याला गेलो, ते तात्यांनी होकार दिला म्हणून. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

पुण्यातलं पहिलं वर्ष मला काही धड पेललं नाही. आधी हिवतापानं धरलं. मग परीक्षेच्या तोंडावर वसतिगृहाच्या जिन्यावरून घसरलो आणि मनगट मुरगळून घेतलं. बारामतीच्या स्टेशनात उतरलो तेव्हा एक हात गळ्यात बांधलेला होता आणि धोतर कमरेवर ठरत नव्हतं. तात्या गाडी घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बैलांकडं पाहिलं, आणि गाडी सांगवीकडं वळवली. जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याला आपलं अंग सांभाळता येत न्हाय, त्यानं परमुलखात एकट्यानं ऱ्हाऊ न्हाय."

ठरलं असं की जूनपर्यंत मी काही मोडून, मुरगळून घेतलं नाही, तर पुण्याला परत जायचं. नाहीतर कॉलेज बंद आणि मळा. तात्या रागावलेले नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. लंगडणाऱ्या वासराला ते चरायला सोडत नाहीत, तेही रागानं नाही. पण मला परत जायचं होतं. किती जायचं होतं, हे घरात कुणाला सांगणं मला जमलं नसतं. तिथं वाचनालयात खिडकीजवळ एक बाक होतं, आणि त्यावर बसलेल्या मला 'हे तुझं काम नाही' असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

आईनं विचार केला. घरी राहिलो तर विहिरीवर जाणार, बैलांमागं जाणार, पेरूच्या झाडावर चढणार. म्हणून मनगट सुधारल्यावर तिनं मला जपून राहण्यासाठी मामाकडं पाठवलं. मामा कारखान्यात कारकून, त्यामुळं राहायला वसाहतीतल्या दोन खोल्या, विहीर नाही, बैल नाहीत. आईला वाटलं, इथं काय मोडणार.

उसाचं गाळप नुकतंच संपलं होतं. यंत्रं उघडून ठेवलेली, आणि ती नीट करायला एक परदेशी साहेब आलेला. बुटका, लालबुंद, पुढचे दोन दात नसलेला. संध्याकाळी काम सुटलं की त्याला करमत नसे. एके दिवशी त्यानं ट्रंकेतून एक चामड्याचा लांबोळका चेंडू काढला आणि वसाहतीतल्या तरण्या पोरांना गोळा केलं. चेंडूचं नाव त्याच घटकेला 'पपई' पडलं. साहेबाचं बोलणं कुणाला समजेना, तेव्हा माझा मामेभाऊ मला घरातून ओढत घेऊन गेला. हा फिटरखात्यात होता, माझ्याच वयाचा, हुतूतूत दोन्ही तालुक्यांत ओळखला जाणारा. मला इंग्रजी येतं असा त्याचा समज होता. मला पुस्तकातलं येत होतं. साहेब बोलायचा ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण तो हातवारे भरपूर करी, त्यावरून मी जुळवून घेई. मला सगळे 'कॉलेज' म्हणू लागले. मी मनाशी ठरवून टाकलं की मी फक्त सांगणारा आहे, खेळणारा नाही.

मी सांगितलं ते असं: पपई काखेत घेऊन समोरच्या टोकाची चुन्याची रेघ ओलांडायची. पपई पुढं फेकायची नाही, मागंच द्यायची. समोरच्यांनी पपईवाल्याला पकडून पाडायचं. पडलेल्यानं पपई सोडून द्यायची.

ऊस निघालेलं एक रान कुळवून, पाणी देऊन मऊ केलं होतं. एका बाजूला फिटरखातं, दुसऱ्या बाजूला भट्टीखातं. भट्टीखात्यात एक पैलवान होता. हंगामात तो भट्टीत चिपाडं लोटायचा आणि हंगाम संपला की यात्रांतून फेटे जिंकून आणायचा. दारातून आत येताना तो आधी एक खांदा आणायचा. कुस्तीच्या हौदातली माती ताक-तेल घालून मुरवतात, तसं या रानालाही ताक पाजलं पाहिजे असा त्याचा हट्ट होता. एवढं ताक कुठून आणायचं, यावर बराच वेळ गेला. शेवटी मामीनं दिलेलं तांब्याभर ताक त्यानं रानाच्या मधोमध ओतलं, नमस्कार केला आणि खेळ सुरू झाला.

पपई पहिल्यांदा माझ्या मामेभावाच्या हाती आली. ती काखेत घालून तो सुटला आणि सुटता सुटता त्याच्या तोंडून आपोआप 'हुतूतूतूतू' सुरू झालं. साहेब कान टवकारून बघत राहिला. मामेभाऊ भट्टीवाल्यांत शिरला, दोघातिघांना झुकांडी दिली, चुन्याची रेघ अगदी पुढ्यात आली, आणि तिथं त्याचा दम संपत आला. दम सुटायच्या आत आपल्या बाजूला परतायचं, हे लहानपणापासून हाडात बसलेलं. तो गर्रकन वळला आणि पपई घेऊन आला तसा परत पळत आला. आमची बाजू टाळ्या वाजवत होती. वाटेत ज्यांना त्याचा हात लागला होता ते भट्टीवाले बाजूला जाऊन बांधावर बसले, कारण ते बाद झाले होते.

साहेबानं टोपी काढून जमिनीवर टाकली. माझ्याकडं बघून तो जे बोलला त्यातलं मला काहीच कळलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं की साहेब म्हणतो, श्वास घ्यायला हरकत नाही.

पण सवय जाते होय. दिवसभर यंत्रांचे नट आवळणारी, हिशेबानं चालणारी माणसं पपई हातात आली की हुतूतू करत धावत आणि रेघेजवळून परत येत. कुणाला नुसता धक्का लागला तरी तो बांधावर जाऊन बसे. थोड्या वेळानं रानात साहेब आणि पैलवान एवढेच उरत, बाकी सगळे बांधावर पाय हलवत बघत. मी इतका हसायचो की सांगायचं काम राहून जाई.

पैलवानाची तऱ्हा वेगळी. तो ज्याला धरी त्याला आडवा करून थांबत नसे. त्याची पाठ मातीला लावल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. तोवर पपई दुसरा कुणीतरी घेऊन पसार झालेला. पैलवान मात्र खालच्याला चीत करून, त्याला हात देऊन उठवून, त्याच्या पाठीची माती झाडून मगच वर बघे.

आणि पपई त्याच्याकडं आली की त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. मामेभावानं एकदा प्रयत्न केला. समोरून वाकून, डोकं खाली घालून तो थेट पैलवानाच्या पायांवर गेला. गुडघा नाकावर बसला. रक्त बघून खेळ थांबला. मामीनं त्या दिवशी साहेबाला उद्देशून पुष्कळ काही सांगितलं, त्यातलं मी एक अक्षरही इंग्रजीत नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब एक जुनी मोट घेऊन आला. विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोट, फाटलेली. तिच्यात चिपाडं ठासून ती बाभळीला टांगली. ही मोट म्हणजे पैलवान. मोटेला झोका द्यायचा आणि ती येताना तिला कवेत धरून पाडायची, असा धडा. सांगायला मी होतो. साहेब मात्र सगळ्यांना सोडून माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं आपल्या छातीवर हात ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला की मी पण लहान होतो. हे मला पूर्ण कळलं. त्याचं कळलेलं हे पहिलं वाक्य. दातांकडं बोट दाखवून तो पुढं म्हणाला, हे शिकायच्या आधी गेले.

मी नको म्हटलं. मनगट दाखवलं, तात्यांची अट सांगितली. त्याला काय समजलं कोण जाणे. त्यानं माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला मोटेपुढं उभं केलं.

तो जे शिकवत होता ते मला हळूहळू उमगलं. अंगानं लहान असलेला माणूस भितो, आणि भ्यालेला माणूस डोळे मिटून डोकं खाली घालतो. मान मोडते ती तिथंच. म्हणून डोळे उघडे ठेवायचे आणि हनुवटी वर. येणाऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. त्याच्याकडं धावायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. अगदी जवळ आला की खांदा त्याच्या मांडीवर टेकवायचा आणि डोकं त्याच्या मागच्या अंगाला न्यायचं, म्हणजे तो पडताना ते खाली सापडत नाही. मग दोन्ही हातांनी त्याच्या मांड्या आवळायच्या आणि सोडायचं नाही. मोठ्या माणसाला पाडावं लागत नाही. पाय बांधले गेले की त्याचं वजनच त्याला पाडतं. आपण फक्त त्याच्यावर पडायचं, खाली जायचं नाही.

हे सगळं मी मराठीत सांगितलं. डोकं नेमकं कुठं, असं कुणीतरी विचारलं. मी साहेबाला विचारलं. त्यानं आपला गाल थोपटला आणि मग मोटेचा मागचा भाग थोपटला. मी सांगितलं, गाल त्याच्या कुल्ल्याला. दोन दिवस वसाहतीत दुसरं काही कुणी बोललं नाही. पैलवान दिसला की लोक गालाला हात लावत. पैलवान म्हणे, "कॉलेज, तू हे पुण्याला शिकाया जातूस व्हय?"

मोट मला पहिल्यांदा पाचटाच्या ढिगात घेऊन गेली. पुढंही बऱ्याचदा घेऊन गेली. अंगभर खाज सुटायची. पण काही दुखत नव्हतं, आणि हेच मला नवल वाटत होतं. मग एका संध्याकाळी मोट आली, माझा गाल चामड्याला लागला, हात आवळले गेले आणि दोरीसकट मोट खाली आली. मी तिच्यावर होतो. मी उठून पुन्हा मोट टांगायला सांगितलं. घरी परतताना मी रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक दगडावरून उडी मारत गेलो. मामीनं विचारलं, झालंय काय तुला. मी उंबऱ्यावरूनही उडी मारून आत गेलो.

खरा सामना मे सरता सरता ठरला. मी सांगणारा म्हणून रेघेबाहेर. निम्मी वसाहत बांधावर जमली होती. खेळ रंगात आला असताना बांधावर मामीच्या शेजारी मला एक ओळखीचं पागोटं दिसलं. तात्या आले होते. मला न्यायला गाडी घेऊन आले होते, आणि मामी त्यांना हात नाचवून काहीतरी समजावत होती. बहुतेक हेच, की आमचं पोरगं नुसतं साहेबाचं बोलणं सांगतं.

त्याच वेळी पैलवान धावत गेला आणि जाता जाता त्याचा हात माझ्या मामेभावाच्या खांद्याला लागला. नुसता लागला. मामेभाऊ इतके दिवस सगळं शिकला होता, दुसऱ्यांना शिकवत होता. पण बांधावर बायकापोरं बघत होती, शिट्ट्या चालल्या होत्या, आणि त्याच्या डोक्यात यात्रेतलं मैदान उभं राहिलं असावं. तो मान खाली घालून चालत रेघेबाहेर गेला आणि बसला. बाद झाला. मी ओरडत होतो, तो मला हातानं गप्प बसवत होता.

फिटरखात्याची मागची बाजू मोकळी पडली. पैलवानाच्या हाती पुन्हा पपई आली होती आणि तो आमच्या रेघेकडं वळला होता. साहेबानं माझ्या पाठीवर थाप दिली, का ढकललं, ते मला आजही सांगता येत नाही. मी रेघेच्या आत होतो, आणि पैलवान आणि चुन्याची रेघ यांच्यामध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

माझ्या मनात पुणं आलं. खिडकीजवळचं बाक आलं. बाजूला झालो असतो तर कुणी नावं ठेवली नसती, तात्यांनी तर नक्कीच नसती. पैलवान धावता धावता प्रेमानं म्हणाला, "सरक कॉलेज, लागंल तुला."

मी बाजूला सरकलो, पण साहेबानं सांगितलं होतं तेवढाच. डोळे उघडे ठेवले. त्याची मांडी येताना दिसली, खांबासारखी. मग खांदा लागला, गाल लागला, हात एकमेकांना सापडले, आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. तो मला घेऊन चार ढांगा तरी गेला असेल. मग सगळं रान एका बाजूला कललं आणि पैलवान पडला. वर मी.

पडता पडता पैलवानानं एक गोष्ट केली, ती कुणी विसरणार नाही. पाठ मातीला लागू नये म्हणून त्यानं पपई टाकून दिली आणि पालथा होऊन हातपाय पसरून जमिनीला चिकटून बसला, कुस्तीत खालचा गडी बसतो तसा. फिटरवाले पपई उचलून दुसऱ्या टोकाला पोचले, रेघ ओलांडून नाचायला लागले, तरी तो तसाच. मी त्याच्या मांड्या धरून तसाच.

"चीत न्हाय," तो मातीत तोंड ठेवून म्हणाला. "पाठ लागली न्हाय माजी. बगा कुनी बी."

मला हसू फुटलं. मी त्याच्या अंगावर पडून हसत होतो आणि खालून तोही हलत होता.

तेवढ्यात तात्या रानात आले. धोतराचा सोगा हातात धरून, चुन्याची रेघ बघून नीट ओलांडून आले. माझं हसू थांबलं. त्यांनी मला उभं केलं आणि बाजारात बैल बघतात तसं बघायला सुरुवात केली. गळ्याजवळचं हाड अंगठ्यानं दाबत नेलं. मनगट फिरवलं, ज्या हाताचं मुरगळलं होतं तो हात दोनदा. बरगड्या चाचपल्या. गुडघे वाकवायला लावले. तोंड उघडायला सांगून दात पाहिले. दोन्ही बाजू कमरेवर हात ठेवून थांबल्या होत्या. साहेबानं मला विचारलं की हे डॉक्टर आहेत का.

तात्यांनी पैलवानाकडं वळून म्हटलं, "एकदा पडलासा, त्यो योग बी असंल. परत या बगू."

पैलवान म्हणाला, "आबा, पोरगं एवढंसं हाय. लागंल एकांद्या वक्ती."

"त्येच बगायचंय," तात्या म्हणाले.

पहिल्या वेळी भ्यायला फुरसत नव्हती. आता होती. पैलवान पपई घेऊन लांब जाऊन उभा राहिला आणि मी साहेबाचा धडा मनात पहिल्यापासून म्हणू लागलो. तात्या अगदी जवळ, जरा वाकून, माझ्याकडं बघत उभे होते. पैलवानानं मला सवलत दिली नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. तो पूर्ण वेगानं आला आणि या वेळी त्यानं मोकळ्या हातानं मला दूर ढकललं. माझा खांदा मांडीवरून निसटला. मी घसरत त्याच्या गुडघ्यांवर, तिथून पोटऱ्यांवर आलो. पण डोकं मागंच होतं आणि डोळे उघडे होते. त्याच्या टाचा, उडणारी ढेकळं, सगळं मला स्पष्ट दिसत होतं. मी घोट्यांजवळ हात आवळले. तो मला बराच ओढत गेला. मग कोसळला, आणि सवयीनं पुन्हा पालथा झाला.

तात्यांनी या वेळी मला चाचपलं नाही. नुसतं माझ्या केसांतलं एक ढेकूळ काढून टाकलं आणि विचारलं, डोकं मागं न्यायचं कुणी सांगितलं. मी साहेबाकडं बोट केलं. ते साहेबापुढं जाऊन उभे राहिले. उंचीनं दोघे सारखेच भरले. तात्या मला म्हणाले, सांग ह्याला.

"काय सांगू?"

"म्हनावं, ह्यो जूनमदी पुण्याला जानार हाय. तवा आता ह्याला खेळात घिऊ नगा."

पुण्याला जाणार, हे मला असं कळलं. आणि ते मलाच इंग्रजीत सांगायचं होतं. माझं व्याकरण सगळं उडून गेलं होतं. मी काय बोललो ते आठवत नाही, पण पुण्याचं नाव मी बहुतेक दोनतीनदा घेतलं. साहेबानं ऐकलं, दात नसलेलं तोंड भरून हसला आणि तात्यांचा हात धरून जोरात हलवला. मग तो पुष्कळ वेळ काहीतरी बोलत राहिला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, साहेब म्हणतो ठीक आहे.

मला बांधावर तात्यांच्या शेजारी बसवण्यात आलं. मामीनं पाणी दिलं. फिटरखात्यात आता माझ्या जागी माझा मामेभाऊ होता, त्याला लोकांनी हाताला धरून परत आत आणलं होतं. त्याच्या हाती पपई आली, तो सुटला, आणि 'हुतूतूतू' करत भट्टीवाल्यांत शिरला. रेघेजवळ पोचला. मग वळला. तात्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, लई चपळ गडी हाय, दम बी भारी हाय. मी होय म्हटलं. फिटरखातं सपाटून हरलं, आणि मला हसून हसून नीट बसताही येत नव्हतं.